नव्या वेब मानकांनुसार पहिले संकेतस्थळ: एका वाचनालयाच्या पानावरून शिकताना

वेब डिझाइन आज नव्याने शिकणाऱ्याची एक पंचाईत होते. शोधल्यावर सापडणारे धडे वेगवेगळ्या काळातले असतात आणि कोणता धडा कोणत्या काळाचा, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. एक धडा ‘फ्लोट’ ही घटक डावी-उजवीकडे ढकलण्याची जुनी युक्ती वापरून तीन स्तंभ उभे करायला शिकवतो, दुसरा त्याच कामासाठी बारा स्तंभांची तयार चौकट उतरवून घ्यायला सांगतो, तर तिसरा साधी मेनूची पेटी उघडण्यासाठी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतले भलेमोठे पॅकेज बसवायला लावतो. यांपैकी एकही धडा त्याच्या काळी चुकीचा नव्हता. ब्राउझरला जे जमत नव्हते ते डिझायनरने युक्तीने साधायचे, अशी तेव्हाची रीत होती. गेल्या सात-आठ वर्षांत मात्र यांतली बहुतेक कामे ब्राउझरने स्वतःकडे घेतली आहेत. त्यामुळे काय शिकावे याइतकेच काय शिकू नये, हेही आता ठरवावे लागते.

हा लेख एकच पान हाती घेऊन पुढे जातो. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी असते तसे एक शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे असे समजा. त्याच्या पानावर वेळापत्रक, नव्याने आलेली पुस्तके, सूचना, वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि सभासदत्वाचा अर्ज एवढेच हवे आहे. साहित्यही मोजकेच लागते: कोणताही साधा संपादक, संगणकावर निदान दोन वेगवेगळे ब्राउझर आणि घरातला एखादा जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन. लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संपादकात ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.

पायरी १: एखादी सोय वापरण्याजोगी झाली का, हे आधी पाहावे

पानाचा मजकूर आणि रचना सांगणाऱ्या एचटीएमएल या भाषेचे मानक व्हॉटडब्ल्यूजी हा गट सांभाळतो आणि त्याचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसचे मानक डब्ल्यूथ्रीसी या संघटनेचा कार्यगट लिहितो. पण मानकात एखादी गोष्ट लिहिली गेली म्हणून ती वाचकाच्या फोनवर चालेलच असे नाही. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण झाली, तरी ती सगळ्या ब्राउझरांत सारखी वागू लागायला पुढे अनेक वर्षे गेली, आणि वेब डिझायनरांच्या एका पिढीची उमेद त्यातच खर्ची पडली. ओळी आणि स्तंभांत मांडणी करणाऱ्या ‘ग्रिड’ या सीएसएसच्या सोयीच्या वेळी चित्र पालटले. मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ग्रिड आले. २०२१ पासून तर ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी काही सोयी ठरवून घेतात आणि त्या सगळीकडे सारख्या चालाव्यात यासाठी एकत्र काम करतात; ‘इंटरऑप’ या नावाने हा उपक्रम चालतो. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरचा आधार थांबला आणि मागे ओढणारे शेवटचे मोठे ओझेही उतरले.

नवख्याने यासाठी ‘बेसलाइन’ ही खूण ओळखायला शिकावे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही ब्राउझरांत एखादी सोय आली की तिला ‘नव्याने उपलब्ध’ म्हणतात, आणि त्यानंतर ३० महिने लोटले की ‘सर्वत्र उपलब्ध’ म्हणतात. मोझिलाच्या एमडीएन या संदर्भस्थळावर बहुतेक गुणधर्मांच्या पानाच्या वरच ही खूण दिसते. माझा नियम सोपा आहे. ज्यावाचून पान वाचताच येणार नाही, अशा ठिकाणी फक्त ‘सर्वत्र उपलब्ध’ सोयी वापराव्यात. जी असली तर बरे आणि नसली तरी बिघडत नाही, अशा ठिकाणी नवीन सोय खुशाल वापरावी.

हा नियम चालतो तो सीएसएसच्या एका जुन्या स्वभावामुळे. न समजलेली ओळ ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो आणि पुढे जातो. म्हणून जुनी किंमत आधी आणि नवी नंतर लिहिली, तर जुना ब्राउझर पहिलीवर थांबतो आणि नवा दुसरी उचलतो. पुढच्या प्रत्येक पायरीत या स्वभावाचा उपयोग होणार आहे.

पायरी २: रंगरूप नसलेले पान आधी पूर्ण करावे

सीएसएसची फाइल उघडण्याआधी एचटीएमएल पूर्ण लिहावे आणि ते तसेच, उघडेवाघडे, ब्राउझरमध्ये वाचून पाहावे. मथळे, परिच्छेद, याद्या आणि दुवे यांचा क्रम तिथेच नीट लागला पाहिजे. वाचनालयाचे नाव पहिल्या पातळीच्या मथळ्यात, विभागांची नावे दुसऱ्या पातळीत, मुख्य मजकूर ‘मेन’ टॅगमध्ये आणि वरचे दुवे ‘नॅव्ह’मध्ये ठेवावेत. यात नवीन काही नाही, पण नव्या सोयींचा सगळा डोलारा यावरच उभा राहतो.

मराठी पानासाठी एक ओळ विशेष महत्त्वाची आहे. सर्वांत वरच्या ‘एचटीएमएल’ टॅगला ‘लँग’ हा गुणधर्म असतो आणि त्याची किंमत मराठीसाठी ‘एमआर’ अशी द्यायची असते. तयार साचा उतरवून घेतला की तिथे इंग्रजीचा किंवा हिंदीचा संकेत तसाच राहून जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. फरक मात्र डोळ्यांना दिसतो. काही देवनागरी फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठी आणि हिंदी अशी दोन वळणे असतात. पानाची भाषा मराठी आहे हे कळले तरच ब्राउझर मराठी वळण निवडतो. नाहीतर लहानपणी फळ्यावर गिरवलेला ‘ल’ सोडून दुसराच ‘ल’ समोर येतो. पान मोठ्याने वाचून दाखवणारी स्क्रीन रीडर प्रणालीसुद्धा कोणत्या भाषेचा आवाज लावायचा हे याच ओळीवरून ठरवते.

आता प्रश्नोत्तरे. ‘अनामत रक्कम परत मिळते का?’ या प्रश्नावर टिचकी मारली की उत्तर उघडावे, यासाठी पूर्वी जावास्क्रिप्ट लागे. ‘डीटेल्स’ आणि ‘समरी’ हे दोन टॅग हे काम कधीपासून करत आहेत. नवी भर अशी, की सगळ्या ‘डीटेल्स’ना एकच ‘नेम’ दिले तर एक उत्तर उघडताच दुसरे आपोआप मिटते. जुन्या ब्राउझरला हे कळले नाही, तर दोन उत्तरे एकदम उघडी राहतील, इतकेच.

वाचनालयाच्या वेळा दाखवणाऱ्या छोट्या पेटीसाठी ‘पॉपओव्हर’ वापरावे. पेटीला ‘पॉपओव्हर’ हा गुणधर्म आणि एक ओळखनाव द्यायचे. बटणाला ‘पॉपओव्हरटार्गेट’ हा गुणधर्म देऊन त्यात तेच ओळखनाव लिहायचे. बाहेर टिचकी मारली किंवा एस्केप कळ दाबली की पेटी मिटते, आणि उघडल्यावर ती पानावरच्या सगळ्या घटकांच्या वरच्या थरात दिसते. ज्यांनी कोणता घटक वर दिसावा हे ठरवणाऱ्या ‘झेड-इंडेक्स’ला आधी ९९, मग ९९९, मग ९९९९९ अशा किंमती देत रात्री जागवल्या आहेत, त्यांनाच या थराची खरी किंमत कळेल. वाचकाला थांबवून काही विचारायचे असेल, जसे ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’, तर ‘डायलॉग’ हा टॅग आहे. तो उघडायला सहसा स्क्रिप्टची एखादी ओळ लागते, पण तो उघडा असताना मागच्या पानावरची बटणे आणि दुवे निष्क्रिय ठेवण्याचे काम ब्राउझरच करतो.

पायरी ३: देवनागरी अक्षरांना जागा द्यावी

बाजारातले बहुतेक तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि मराठी मजकूर त्यांत ओतला की गुदमरतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्यामुळे ओळींमधले अंतर, म्हणजे ‘लाइन-हाइट’, रोमनसाठी १.४ किंवा १.५ पुरत असले तरी मराठी मजकुराला मी १.७ च्या खाली जाऊ देत नाही. मथळ्यांना १.३ चालते, पण ‘मूर्तींची’ असा शब्द खाली-वर ठेवून, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला टेकत नाहीत ना, ते पाहून मगच.

अक्षरांमधले अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ हा गुणधर्म मराठीत शून्यच ठेवावा. मी एकदा विकतचा साचा घेतला होता. त्यातल्या प्रत्येक मथळ्याला हे अंतर लावलेले होते, आणि संस्थेच्या नावाची शिरोरेखा जागोजागी तुटून अक्षरे सुटे मणी ओघळावेत तशी दिसत होती. संस्थेच्या कार्यवाहांनी फोनवर विचारले, ‘नाव असं तुटक तुटक का दिसतंय?’ आणि तो एक गुणधर्म शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

फॉन्ट निवडताना एकाच फाइलमध्ये बारीक ते ठळक अशी सगळी वजने असणारा व्हेरिएबल फॉन्ट मिळाला तर घ्यावा. देवनागरी फॉन्टांमध्ये जोडाक्षरांची चित्रे भरपूर असल्याने फाइल जड होते. चार वजनांच्या चार फाइली उतरवण्यापेक्षा एक परवडते. फाइल ‘वॉफ२’ स्वरूपात ठेवावी आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ लिहावे, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनवर असलेल्या अक्षरांत मजकूर वाचता येतो. लांब मथळ्याच्या शेवटच्या ओळीत एकटाच ‘आहे’ उरू नये यासाठी ‘टेक्स्ट-रॅप: बॅलन्स’ ही ओळ आहे. २०२४ पासून ती सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालते, आणि मराठी मथळे लांबच असल्याने आपल्याला ती विशेष उपयोगी पडते.

पायरी ४: पानाची मांडणी ग्रिडने करावी

मे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्दप्रयोग रूढ केला तेव्हा त्याचे तीन आधार होते: टक्केवारीतले स्तंभ, आक्रसणारी चित्रे आणि पडद्याची रुंदी विचारणाऱ्या मीडिया क्वेरी. ती दिशा आजही बरोबर आहे, पण टक्केवारीचे गणित आता आपण करायचे नसते. पुस्तकांच्या यादीला ‘डिस्प्ले: ग्रिड’ द्यावे आणि स्तंभांसाठी ‘रिपीट’, ‘ऑटो-फिल’ आणि ‘मिनमॅक्स’ हे तिघे एकत्र वापरावेत. त्या ओळीचा अर्थ मराठीत असा होतो: प्रत्येक स्तंभ निदान १६ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकारावर आधारलेले एकक) रुंद असू द्या, उरलेली जागा सारखी वाटून घ्या, आणि किती स्तंभ मावतात ते तुम्हीच ठरवा. फोनवर एक, टॅबलेटवर दोन, संगणकावर चार. एकही मीडिया क्वेरी न लिहिता.

पुस्तकांच्या कार्डांत, म्हणजे एकेका पुस्तकाची माहिती देणाऱ्या चौकटींत, एक खास अडचण असते. एका पुस्तकाचे नाव एका शब्दाचे, तर शेजारच्याचे तीन ओळींचे. मग पहिल्या कार्डावरचे लेखकाचे नाव वर आणि दुसऱ्यावरचे खाली, अशी रांग विस्कटते. ‘सबग्रिड’ यासाठीच आहे. प्रत्येक कार्डाला ग्रिडच्या तीन ओळी व्यापू द्यायच्या आणि कार्डाच्या आतल्या ओळींची किंमत ‘सबग्रिड’ लिहायची. मग नाव, लेखक आणि दाखल क्रमांक शेजारच्या कार्डांशी आपोआप एका रेषेत येतात. फायरफॉक्सने हे २०१९ मध्येच आणले, क्रोमला २०२३ उजाडले.

फोनवर पहिला विभाग पडदाभर उंच हवा असेल तर ‘व्हीएच’ हे जुने एकक टाळावे. फोनच्या ब्राउझरची पत्त्याची पट्टी खाली-वर सरकते आणि ते गणित चुकते. त्यासाठी ‘एसव्हीएच’ आणि ‘डीव्हीएच’ ही नवी एकके आहेत. मात्र वाचनालयाच्या पानाला पडदाभर चित्र कशाला हवे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

पायरी ५: पडद्याला नव्हे, जागेला विचारावे

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण डिझाइनचा विचार करण्याची पद्धत तिने बदलते.

मीडिया क्वेरी पडद्याची रुंदी विचारते. पण कार्डाला पडद्याशी काय देणेघेणे आहे? त्याला कळायला हवे ते आपल्याला किती जागा मिळाली एवढेच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी केलेल्या पानावर मी सूचनांचे कार्ड केले होते: रुंद पडद्यावर डावीकडे चित्र आणि उजवीकडे मजकूर, अरुंद पडद्यावर चित्राखाली मजकूर. मुख्य भागात ते छान दिसले. मग संस्थेने सांगितले की हीच सूचना बाजूच्या अरुंद पट्टीतही हवी. संगणकाचा पडदा रुंद असल्यामुळे कार्डाने इमानदारीने चित्र डावीकडे ठेवले, मजकुराला उरल्या जेमतेम शंभर पिक्सेल, आणि ‘अधिमंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा’ ही सूचना ओळीला एक शब्द अशी खाली घरंगळत गेली. त्यातही ‘सर्वसाधारण’ हा शब्द पट्टीबाहेर डोकावत होता. मी ‘लहान-कार्ड’ नावाचा वेगळा क्लास, म्हणजे वेगळे नियम लावण्यासाठी टॅगला दिलेले नाव, करून वेळ मारून नेली. वर्षभरात ‘लहान-कार्ड’, ‘मधले-कार्ड’, ‘लहान-कार्ड-२’ असे सहा क्लास झाले आणि कोणता कुठे लावायचा, हे मलाच आठवेना.

पडद्याऐवजी बाहेरच्या आवरणाची रुंदी विचारणाऱ्या कंटेनर क्वेरीने हा प्रश्न मुळातून सुटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये ती आली आणि चारही ब्राउझर पूर्ण झाले. ती वापरण्याचा क्रम असा: कार्डांच्या भोवती एक आवरण ठेवावे, त्या आवरणाला ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज’ द्यावे, आणि मग ‘अॅट-कंटेनर’ हा नियम लिहून ‘आवरणाची रुंदी ३० रेमपेक्षा जास्त असेल तर चित्र डावीकडे ठेवा’ असे सांगावे. आता तेच आवरण मुख्य भागात ठेवले काय किंवा बाजूच्या पट्टीत ठेवले काय, आतली कार्डे आपापल्या जागेप्रमाणे बसतात. माझ्या सहाही क्लासांचे काम चार-पाच ओळींत होते.

नवखे इथे ठराविक जागी अडखळतात. पहिली जागा म्हणजे कार्डालाच कंटेनर करणे आणि मग कार्डाचीच मांडणी त्याच्या रुंदीवरून बदलू पाहणे. घटक स्वतःला हा प्रश्न विचारू शकत नाही. तो आपल्या बाहेरच्या आवरणालाच विचारतो. याचे कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही. कार्डाच्या रुंदीवरून आतला मजकूर बदलला, आणि मजकूर बदलल्याने कार्डाची रुंदी बदलली, तर पुन्हा मजकूर बदलेल, पुन्हा रुंदी बदलेल, आणि या फेऱ्याला अंत राहणार नाही. डिझायनर ही सोय वर्षानुवर्षे मागत असूनही ती लांबली, ती मुख्यतः या गुंत्यामुळे. तोडगा असा निघाला की कंटेनर झालेल्या घटकाची रुंदी त्याच्या आतल्या मजकुरावरून ठरणारच नाही. त्यातूनच दुसरी अडखळण्याची जागा तयार होते: ‘फ्लेक्स’ या एका रांगेत मांडणी करणाऱ्या सोयीतला घटक कंटेनर केला आणि त्याला रुंदी दिली नाही, तर तो आक्रसून दिसेनासा होतो. अशा वेळी घाबरून न जाता त्याला ‘फ्लेक्स: १’ किंवा ठरावीक रुंदी द्यावी.

तिसरी गोष्ट आपल्या पानापुरती. कंटेनर आणि सबग्रिड एकाच घटकावर लावू नयेत, सबग्रिड चालत नाही. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे संपूर्ण यादीच्या बाहेरचे आवरण कंटेनर ठेवावे आणि कार्डे सबग्रिडसाठी मोकळी सोडावीत.

पायरी ६: अर्जाला ‘हॅज’ची जोड द्यावी

सीएसएसमध्ये नियम कोणत्या घटकाला लावायचा याची निवड ‘सिलेक्टर’ने होते, आणि ती वरून खाली करता येत असे: यादीतले कार्ड, कार्डातले चित्र. ‘ज्या कार्डात चित्र आहे ते कार्ड’ अशी उलटी निवड करणे मात्र अशक्य होते. ‘हॅज’ या सिलेक्टरने ते शक्य केले. डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सने तो स्वीकारल्यावर चारही ब्राउझर झाले. आपल्या यादीत मुखपृष्ठाचे छायाचित्र असलेली आणि नसलेली अशी दोन्ही पुस्तके असणार. ‘चित्र असलेल्या कार्डाला दोन स्तंभ, नसलेल्याला एक’ हे आता एका नियमात सांगता येते, आणि पुस्तके भरणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणताही क्लास लक्षात ठेवावा लागत नाही.

सभासद अर्जात याचा उपयोग अधिक आहे. पूर्वीच्या ‘इनव्हॅलिड’ या सिलेक्टरची खोड अशी, की अर्ज उघडताक्षणीच रिकामे रकाने लाल होतात. माणसाने अजून काही लिहिलेलेच नसते आणि पान आधीच रागावलेले असते. ‘यूजर-इनव्हॅलिड’ हा नवा सिलेक्टर वाचकाने रकान्याला हात लावून सोडल्यावरच चूक दाखवतो. त्याला ‘हॅज’ जोडले की ज्या रकान्यात चूक आहे त्याचे नाव, चौकट आणि खालची सूचना असा अख्खा गट एकदम ठळक करता येतो. पिन कोडच्या रकान्याला ‘इनपुटमोड: न्यूमेरिक’ द्यावे, म्हणजे फोनवर आकड्यांचा कळफलक उघडतो. नावाच्या रकान्यावर फक्त रोमन अक्षरे स्वीकारणारी अट मात्र लावू नये. मराठी वाचनालयाच्या अर्जाने मराठीत लिहिलेले नाव ‘अवैध’ ठरवावे, यासारखा दुसरा विनोद नाही, आणि तो मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

पायरी ७: रंग

रंगांसाठी ‘ओकेएलसीएच’ ही पद्धत शिकावी. तिच्यात उजळपणा, रंगाच्या भडकपणाची मात्रा आणि रंगछटा असे तीन आकडे असतात. जुन्या ‘एचएसएल’मध्ये पिवळा आणि निळा यांना ५० टक्के उजळपणा दिला तरी डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसे, नव्या पद्धतीत सारखा आकडा सारखाच दिसावा अशी योजना आहे. त्यामुळे संस्थेचा एक रंग ठरवून फक्त पहिला आकडा बदलत गेले की फिकट पार्श्वभूमी, मधली चौकट आणि गडद अक्षरे असे एकाच घराण्यातले रंग मिळतात. ‘कलर-स्कीम’ला उजेड आणि अंधार अशा दोन्ही किंमती देऊन ‘लाइट-डार्क’ हे फंक्शन वापरले, की रात्रीच्या रूपासाठी वेगळी फाइल लागत नाही. ही सोय २०२४ मधली असल्याने तिच्या आधीच्या ओळीत साधा रंग लिहून ठेवावा. साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातला भेद सुलभतेच्या निकषांनुसार किमान ४.५ ला १ असावा लागतो. ब्राउझरच्या विकासक साधनांत रंगावर टिचकी मारली की तो आकडा दिसतो.

पायरी ८: नियमांची फाइल आवरावी

सीएसएसमध्ये आता एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिता येतो. पूर्वी एवढ्यासाठी सास हे वेगळे साधन बसवत असत. नवख्याला ते आता आवश्यक नाही. दोन पातळ्यांपेक्षा जास्त खोल जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

‘लेयर’, म्हणजे नियमांचे थर, जरा समजून घ्यावे लागतात. फाइलच्या सुरुवातीला ‘पाया, मांडणी, घटक, अपवाद’ असा थरांचा क्रम जाहीर केला, की नंतरच्या थरातला नियम आधीच्या थरातल्या कितीही वजनदार नियमावर मात करतो, आणि नियम जबरदस्तीने पुढे रेटणाऱ्या ‘इम्पॉर्टंट’ या शब्दाची खैरात थांबते. मात्र एक धोका ध्यानात ठेवावा. ज्या ब्राउझरला थर कळत नाहीत तो थरातला सगळाच मजकूर सोडून देतो. मार्च २०२२ पूर्वीचा ब्राउझर अजून वापरणारे वाचक असतील, तर ओळींचे अंतर, फॉन्ट आणि अक्षरांचा आकार हे मूलभूत नियम थराबाहेर ठेवावेत. पण थराबाहेरचा नियम सगळ्या थरांवर मात करतो, हेही तेव्हा विसरू नये.

पायरी ९: चित्रे आणि हालचाल

प्रत्येक चित्राच्या टॅगला रुंदी आणि उंची लिहावी, म्हणजे चित्र येण्याआधीच ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचताना मजकूर उडी मारत नाही. खालच्या चित्रांना ‘लोडिंग: लेझी’ द्यावे, सर्वांत वरच्या चित्राला मात्र कधीही देऊ नये. गूगलच्या मोजमापात मुख्य घटक २.५ सेकंदांच्या आत दिसणे आणि टिचकीला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळणे चांगले मानले जाते. दुसरे माप मार्च २०२४ मध्ये आले, आणि जड स्क्रिप्ट लादलेली पाने त्यात हमखास अडकतात. आपल्या पानावर स्क्रिप्ट जवळजवळ नाहीच.

पुस्तकांच्या यादीवरून एका पुस्तकाच्या पानावर जाताना पडदा हळुवार बदलावा असे वाटत असेल, तर ‘व्ह्यू-ट्रान्झिशन’चा दोन ओळींचा नियम दोन्ही पानांच्या सीएसएसमध्ये लिहावा. क्रोम आणि सफारीत तो चालतो. ज्याला कळत नाही तो ब्राउझर नेहमीसारखे पान उघडतो. ज्यांनी फोनवर हालचाल कमी ठेवण्याची निवड केली आहे, त्यांच्यासाठी ‘प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही अट घालून तो बंद ठेवावा. काहींना अशा हालचालीने खरोखर भोवळ येते.

पायरी १०: तपासणी

पान झाल्यावर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने वरपासून खालपर्यंत जाऊन पाहावे. आपण आत्ता कोणत्या दुव्यावर आहोत, हे प्रत्येक क्षणी दिसले पाहिजे. मग पान २०० टक्के मोठे करावे. काही कापले जाता कामा नये. डब्ल्यूसीएजी २.२ हे सुलभतेचे मानक ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रमाण झाले. त्यानुसार बोटाने दाबायच्या जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असाव्यात. मी त्या ४४ च्या आसपास ठेवतो, कारण वाचनालयात येणाऱ्या आजोबांचे बोट मानक वाचून दाबत नसते.

त्यानंतर नमुन्याचा मजकूर काढून खरा मजकूर भरावा: वाचनालयातले सर्वांत लांब नावाचे पुस्तक, सर्वांत लहान नावाचे पुस्तक, मुखपृष्ठ नसलेले पुस्तक आणि लेखकाचे नावच ठाऊक नसलेले पुस्तक. मांडणी मोडते ती इथेच. मग पान जुन्या फोनवर, शक्य असेल तर वाचनालयाच्या काउंटरवर उभे राहून, तिथल्याच नेटवर्कवर उघडावे आणि ग्रंथपालांच्या हाती द्यावे. आपण काही न बोलता ते आजची वेळ किती क्षणांत शोधतात, हे पाहावे.

शेवटचे काम सीएसएसच्या फाइलच्या अगदी वर करायचे आहे. एक टिप्पणी लिहून तिच्यात ‘सर्वत्र उपलब्ध’ नसलेल्या ज्या सोयी वापरल्या त्यांची नावे, वापरल्याची तारीख आणि ती सोय न चालल्यास काय दिसेल, हे प्रत्येकी एका ओळीत नोंदवावे. आपल्या पानावर अशा ओळी तीन-चारच होतील. सहा महिन्यांनी ही यादी उघडून प्रत्येक नावापुढची बेसलाइनची खूण पुन्हा पाहावी, आणि जिची खूण पक्की झाली असेल तिच्यासाठी लिहिलेली पर्यायी ओळ फाइलमधून काढून टाकावी.